विहिरीतली वहिनी आणि पाच चादरी

मी आजवर एकही भुताचा सिनेमा पाहिलेला नाही. तरीही अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात भुताच्या सिनेमांवर माझ्याइतका अधिकारी समीक्षक दुसरा सापडणार नाही.

यात चुकीचं काय आहे? ज्योतिषी कुठं मंगळावर जाऊन येतो?

भुतांवर माझं प्रेम मात्र लहानपणापासूनचं. भुताच्या कादंबऱ्या मी पोत्यानं वाचल्या आहेत; फक्त भर दुपारी, गच्चीत, शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट चालू असताना. माग थांबला की माझं पुस्तक बंद! (मागांना सुट्टी असते त्या दिवशी मी पाककृतींची पुस्तकं वाचतो.) सिनेमाचं तेवढं जमत नाही. त्याचं मूळ गड्ड्याच्या जत्रेत आहे. तिथल्या भूतबंगल्यात पांढऱ्या साडीतल्या एका बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी बंगल्याबाहेर आलो. दारातून नव्हे, पत्र्याच्या भिंतीतून! पत्र्याला माझ्या आकाराचं भगदाड पडलं होतं, दोन्ही कानांसकट. मालकानं पुढं त्या भगदाडालाच वेगळं तिकीट लावलं म्हणतात. (ती बाई मालकाची मेहुणी होती आणि ती फक्त ‘बाळ, वाट चुकलास का’ असं विचारत होती, हे मला घरी आल्यावर कळलं.)

पण प्रेम ते प्रेम. मी मोबाइलवर ‘थरकाप मंडळ’ नावाचा एक ग्रुप काढला. त्यात दर आठवड्याला एका भयपटाचं परीक्षण टाकायला लागलो आणि बघता बघता लोकांनी मला ‘भूतकाका’ करून टाकलं. लोकांना विशेष आवडली ती माझी गुण द्यायची पद्धत. इतर समीक्षक तारे देतात. आपण सोलापूरकर, आपण चादरी देतो! सिनेमा बघताना डोक्यावरून किती चादरी ओढाव्या लागतात, त्यावर दर्जा. एक चादर म्हणजे जेवता जेवता बघावा. तीन चादरी म्हणजे संडासला जाताना कुणाला तरी सोबत न्यावं. पाच चादरी मी कधी कुणाला दिल्या नव्हत्या, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात पाच चादरी पांघरल्या तर माणूस भुताची वाट न बघता स्वतःच भूत होईल.

आता प्रश्न राहतो, न बघता परीक्षण कसं? तर त्यासाठी शैला आहे. शैला म्हणजे आमची मंडळी. ही बाई भुताचा सिनेमा ज्या शांतपणे बघते, त्या शांतपणे मी देवळातसुद्धा बसू शकत नाही. ती हॉलमध्ये टीव्हीसमोर दगडी खलबत्ता घेऊन शेंगांची चटणी कुटत बसते. मी स्वयंपाकघरात दार लावून, मोबाइलवर बारीक आवाजात भजनं लावून लिहायला बसतो. आणि मग दाराआडून आमची समीक्षा चालते.

“शैला, काय चाललंय गं?”

“काही नाही. ती बाई छताला चिकटलीय.”

“अगं बाई! मग?”

“मग काय, नवरा खाली शोधतोय तिला. पलंगाखाली बघतोय, कपाटात बघतोय. गडी माणसाला डोळ्यासमोरची वस्तू कधी सापडलीय व्हय?”

यावर मी लिहिणार : ‘पुरुषी नजरेच्या मर्यादेवर दिग्दर्शकानं इथं निर्दयपणे बोट ठेवलं आहे.’ खाली पंचवीस अंगठे आणि ‘काय निरीक्षण आहे, काका!’

पार्श्वसंगीतावरही माझा अधिकार होता. ‘मधूनमधून येणारा तो खोल, दगडी ठोका थेट काळजात घुसतो’, हे माझं वाक्य मंडळात फार गाजलं. कित्येक सिनेमांच्या परीक्षणात मी त्या ठोक्याचं कौतुक केलं होतं. (तो शैलाचा बत्ता होता, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. माझ्या यायला दोन वर्षं लागली.)

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना ‘विहिरीतली वहिनी’ नावाचा सिनेमा आला.

मध्यंतरापर्यंत शैलानं सगळं नीट सांगितलं. नवी वहिनी घरात येते, तिचे केस सदा ओले, माठातलं पाणी आपोआप आटतं, वगैरे. तेवढ्यात लाईट गेली. दहा मिनिटांनी आली. मी भजन परत लावलं, लेखणी सरसावली आणि विचारलं, “काय चाललंय?”

“वहिनी सासूपुढं उभी आहे. केस मोकळे आहेत. डोळे हे एवढे केलेत.”

“बापरे! आता गिळते वाटतं!”

“नाही गिळत. रडतेय. सासूच्या पायावर डोकं ठेवलं. आता कमरेचा जुडगा काढून तिजोरीच्या किल्ल्या परत दिल्या सासूला.”

भयपटात असा शेवट? ओल्या केसांची चेटकीण सासूला किल्ल्या परत देते? मी भिजलेल्या डोळ्यांनी लिहिलं : ‘किल्ल्यांच्या त्या प्रसंगात मी ओक्साबोक्शी रडलो. भुताला जे कळलं ते माणसाला कधी कळणार? आयुष्यात पहिल्यांदा देतो आहे : पाच चादरी!’

मंडळात हाहाकार उडाला. एका सभासदानं तर ‘काका, तुम्ही भुताला माणूस केलंत’ असं लिहिलं.

आता यात जे घडलं होतं ते इतकंच, की लाईट आल्यावर टीव्हीवर सिनेमाऐवजी शैलाची रोजची मालिका लागली होती. “मी ओरडून सांगितलं की, आता मालिका लागली म्हणून!” असं शैला आजही शपथेवर सांगते. सांगितलं असेलही. माझ्याकडं तेव्हा टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू होता.

हे मला कळलं असतं तर मी ते परीक्षण गुपचूप पुसून टाकलं असतं. पण त्याआधी मोहोळहून फोन आला.

आमची एकुलती एक तेजू, तिला मोहोळचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलाचं नाव निखिल. पोरं एकमेकांना दोन-तीनदा भेटली होती, आणि तेजू हल्ली फोन आला की गच्चीत जायची, येताना विनाकारण हसत यायची, म्हणजे तिकडून प्रश्न मिटला होता. अडलं होतं ते निखिलच्या वडिलांपाशी. आबासाहेब म्हणजे वजनदार माणूस. आधीची दोन स्थळं त्यांनी ‘पाव्हणं बोलायला बेचव हायती’ एवढ्या कारणावरून मोडली होती. त्यामुळं फोन उचलण्याआधी मी दोनदा खाकरून घसा साफ केला.

“नमस्कार पाव्हणं. एक इचारायचं हुतं. थरकाप मंडळाचं भूतकाका म्हंजे तुमीच का?”

“हो… म्हणजे… मीच.”

पलीकडं एकदम स्फोट! “अहो काका! मी तुमच्या मंडळात हाय की! पैल्या दिसापासनं! आगं मंगल, आपलं पाव्हणं भूतकाका निघालं!” मग मला, “पत्रिका-बित्रिका काय बगायची न्हाय आता. रैवारी येतो आमी सुपारी फोडायला!”

सुपारी फुटली म्हणजे लग्न पक्कं! मी आनंदानं तेजूकडं बघून अंगठा वर केला. आणि तेवढ्यात आबासाहेबांचा आवाज खाली आला.

“पर काका, एक अडचण हाय. ‘विहिरीतली वहिनी’ मी तीन डाव लावला. पर किल्ल्यांचा शीन काय घावला न्हाय.”

माझा अंगठा वरच राहिला.

“मला वाटतंय,” ते कुजबुजले, “मोहोळला कापून दावत्यात. सोलापूरला पुरा लागत असंल. रैवारी दुपारी परत लागनार हाय, तुमच्याच टीव्हीवर बगू. आदी शिनिमा, मग सुपारी! आन् मला त्यो शीन पायजेच, काका. आमच्या घरात आईचं आन् मंडळीचं कपाटाच्या किल्ल्यांवरनं लई वाजलंय. मी मंडळीला म्हनलं, भूत आसून ती किल्ल्या देती, तू मानूस आसून दीनास! तर ती म्हनती, शीन दावा, त्याच दिशी जुडगा सोडते. आता शीन न्हाय घावला तर माझं घरात तोंड ऱ्हात न्हाय!”

फोन ठेवल्यावर मी शैलाकडं गेलो. ती शांतपणे म्हणाली, “किल्ल्या? त्या तर मालिकेत दिल्या.”

पुढची दोन मिनिटं मला काही दिसलं नाही. तेजूनं पाणी मारलं तेव्हा मी शुद्धीवर आलो.

“बाबा, सरळ खरं सांगून टाका,” तेजू म्हणाली.

“काय सांगू? की तुझा बाप गेली दोन वर्षं सिनेमाऐवजी चटणीचं परीक्षण करतोय?”

“बाबा,” ती म्हणाली. पोरीचा चेहरा बघून मी त्या क्षणी ठरवलं, की काय वाट्टेल ते होवो, पण सुपारी फुटेपर्यंत भूतकाकाचा मान टिकवायचाच.

रविवारी भर दुपारी पाहुणे आले. पांढऱ्याशुभ्र टोपीतले आबासाहेब म्हणजे दारात मावेना असा माणूस! मागं मंगलबाई, कमरेला तो इतिहासप्रसिद्ध जुडगा. आणि सगळ्यांत मागं निखिल, हातात लहान फ्रिजएवढं खोकं घेऊन.

“काका, तुमच्यासाठी,” तो लाजत म्हणाला. “स्पीकर आहे. भयपटाला आवाज दणदणीत पाहिजे, नाही का?”

जावई असा पाहिजे! पहिल्याच भेटीत सासऱ्याचा खून!

चहा झाला. तबकात सुपारी, अडकित्ता, नारळ मांडून ठेवलं होतं. शेजारी पाहुण्यांना द्यायची नवी कोरी डबल चादर. मी म्हटलं, “आबासाहेब, शुभकार्य आधी उरकून घेऊ या की.”

“छ्या! आदी शिनिमा.”

पडदे ओढले. मी मनातल्या मनात लाईट जावी म्हणून ग्रामदैवताला साकडं घातलं. एरवी चटणीला मिक्सरऐवजी खलबत्ताच वापरावा अशी आमच्याकडं लाईटची तऱ्हा. त्या दिवशी मात्र ती सासरी नांदायला आल्यासारखी घट्ट बसून राहिली. माझी तयारी मी केली होती. चष्मा पुसण्याच्या निमित्तानं काढून खिशात टाकला, म्हणजे समोर नुसता रंगीत धुरळा. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. आबासाहेबांनी काहीही विचारलं तर ‘सूचक आहे’ म्हणायचं, असं ठरवलं होतं.

पण निखिलच्या त्या स्पीकरपुढं कापूस काय करणार! पहिला आवाज आला तो माझ्या बरगड्यांतून. मी किंचाळलो.

“काय हो?” मंगलबाईंनी विचारलं. “आजून तर कंपनीचं नाव आलंय नुसतं.”

“सूचक आहे,” मी म्हणालो.

शैला आणि मंगलबाई पाच मिनिटांत शेंगा सोलत एकमेकींना शेजारणीच्या सुनेच्या बाळंतपणापर्यंतच्या गोष्टी सांगू लागल्या. मधूनच शैला पडद्याकडं बघून म्हणे, “ही आता त्या म्हाताऱ्याला ओढणार बघा.” लगेच स्पीकरमधून म्हातारा ओरडे. मंगलबाई म्हणत, “बरं झालं. लई बोलत हुता.” आणि परत शेंगा. तेजू-निखिल मागच्या खुर्च्यांवर बसून एकमेकांकडं बघत होते. त्यांना पडद्यावर हत्ती नाचला असता तरी कळलं नसतं. आबासाहेब माझ्या शेजारी होते. त्यांचा आवाज येईना, म्हणजे ते एकाग्र झाले असणार. काय हा दर्दी माणूस, असं मनात आलं आणि स्वतःची फार लाज वाटली.

तेवढ्यात विहिरीचा रहाट करकरला.

आधी हळू. मग जोरात. मग एकदम थांबला. भयपटातली शांतता फार वाईट. त्यात कापसाचा काही उपयोग होत नाही. मी डोळे मिटले. आणि त्या शांततेत, अगदी माझ्या उजव्या कानाशी, कापसाच्या आरपार, एक ओली बाई म्हणाली, “भावजी…”

मी उडालो. किती उडालो ते नक्की सांगता येणार नाही, पण पंख्याचं पातं माझ्या केसांना लागलं. उतरताना पाय तबकात पडला. नारळ एकीकडं, सुपारी दुसरीकडं, अडकित्ता कुठं गेला ते आजतागायत कळलेलं नाही. हाताला चादर लागली. ती ओढली, डोक्यावरून घेतली, आत शिरलो…

आत आधीच कुणीतरी होतं!

अंधारात आम्ही दोघं एकमेकांच्या नाकाला नाक लावून थरथरत होतो. मग त्या आकृतीच्या डोक्यावरची टोपी माझ्या कपाळाला लागली.

“आबासाहेब?”

“काका?”

“तुम्ही इथं कधी आलात?”

“कंपनीचं नाव आलं तवाच,” आबासाहेब रडकुंडीला येऊन म्हणाले. “तुमी वरडलासा आन् माझा धीरच सुटला.”

मी थक्क झालो. “पण मग मोहोळला तीन वेळा बघितलात तो?”

“चादरीतनंच की! म्हनून तर शीन घावंना! मला वाटलं, मी डोळं मिटल्यावर येऊन जात आसंल. म्हनून तुमच्या जोडीनं बगायचं ठरिवलं. म्हनलं, काकांना भ्या न्हाय. काका सांगतील, आता डोळं उघडा.” मग माझा दंड धरून, “काका, किल्ल्या कवा देती ती?”

चादरीखाली भयंकर उकडत होतं. घाम कानात जाऊन कापूस भिजला होता. समोरच्या माणसाच्या एका होकारावर माझ्या पोरीचं लग्न होतं. आणि बाहेर विहिरीतली वहिनी कुणाला तरी भाजीसारखी निवडत होती.

“आबासाहेब,” मी म्हणालो, “नाही देत ती किल्ल्या. तो सीनच नाही. मी सिनेमा बघितलेलाच नाही. एकही नाही.”

“आँ?”

“शैला बघते. मी स्वयंपाकघरातून ऐकतो.”

इतका वेळ थरथरणारं ते शंभर किलोचं शरीर एकदम स्थिर झालं. याची मला भुतापेक्षा जास्त भीती वाटली. “म्हंजे पाच चादरी…?”

तेवढ्यात आमच्या अंगावरची चादर खस्सकन ओढली गेली. मी खिशातला चष्मा चढवला, तर समोर मंगलबाई उभ्या होत्या. टीव्ही बंद होता. शैला, तेजू, निखिल, सगळे आमच्याकडं बघत होते. मी आबासाहेबांच्या मांडीवर होतो. (कसा आलो, मला विचारू नका.)

आबासाहेब मला खाली ठेवून ताडकन उठले. भ्यायलेला माणूस पकडला गेला की जेवढा चिडतो, तेवढे चिडले. “फसवणूक! आवो, दोन वर्सं मी ह्या मानसाच्या शब्दावर कापरं भरवून घेतलं! ज्या घरात शिनिमा खरा सांगत न्हाईत, तितं पोरीचं खरं काय सांगत्याल? निखिल, गाडी काड!”

निखिल जागचा हलला नाही. तेजूनं ओठ दाताखाली धरला होता. मी तोंड उघडलं. त्यातून फक्त “सूचक आहे” एवढंच बाहेर आलं.

“थांबा वाइच,” मंगलबाई म्हणाल्या आणि शैलाकडं वळल्या. “ताई, किल्ल्यांचा शीन न्हाय म्हनता?”

“नाही हो. ती मालिका होती. राहिलेला सिनेमा मी नंतर बघितला. सिनेमात ही वहिनी सगळ्यांना विहिरीत ओढते. सासूला सगळ्यांत आधी.”

“किल्ल्या?”

“शेवटपर्यंत हिच्याच कमरेला.”

मंगलबाईंचा चेहरा हळूहळू उजळत गेला. त्यांनी जुडगा चाचपला, मग नवऱ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की त्या विहिरीतल्या बाईनं शिकवणी लावावी. “ऐकलंसा? लई शीन दाव, शीन दाव चाललं हुतं! आन् गाडी कुटं काडताय? कंपनीचं नाव बगून चादरीत शिरनाऱ्यानं दुसऱ्याची फसवणूक काडू नये. अशी खरं बोलनारी बाई मला इहीन म्हनून पायजे. ताई, फोडा सुपारी!”

आबासाहेब मटकन खाली बसले.

आता सुपारी! सगळे जमिनीवर ओणवे. सुपारी टीव्हीच्या स्टँडखाली सापडली. अडकित्ता काही सापडेना. शेवटी शैला म्हणाली, “असू दे,” आणि आतून खलबत्ता घेऊन आली. खलात सुपारी ठेवली, बत्ता उचलला आणि एक सणसणीत ठोका दिला.

धप्प!

आबासाहेब जागच्या जागी उसळले. “काका! ह्योच! ह्योच की त्यो खोल दगडी ठोका! मी परत्येक शिनिमात हुडकतोय, ह्यो एकदा बी घावला न्हाय!”

“आबासाहेब,” मी खाली मान घालून म्हणालो, “तेवढं माझं परीक्षण खरं होतं.”

सुपारी फुटली. तेजू आत पळाली, तिच्या मागं पाणी प्यायच्या निमित्तानं निखिलही पळाला. जाताना आबासाहेबांनी ती चादर स्वतः मागून घेतली, म्हणाले, सवय झाली आता तिची.

त्याच संध्याकाळी मंडळाची सूत्रं शैलाकडं गेली. आबासाहेबांनीच ठराव मांडला, आणि ‘थरकाप मंडळ’ म्हणजे काही लोकशाही नव्हे, असं मी म्हणेपर्यंत तो मंजूरही झाला. आता मंगलबाई आणि शैला मोहोळ-सोलापूर असा फोन लावून एकाच वेळी सिनेमा बघतात आणि शैला चार ओळींत परीक्षण टाकते. लोकांना फार आवडतं म्हणे. तिनं टाकलेलं पहिलंच परीक्षण असं सुरू होतं : ‘विहिरीतली वहिनी : अर्धी चादर. पण त्या दुपारी आमच्या हॉलमध्ये जे बघितलं, त्याला पाच चादरी!’

पुढं चादर ओढल्यावर काय दिसलं याचं तिनं सविस्तर वर्णन केलंय, आणि ते वाचून भलेभले हादरले, असं तेजू सांगते. मी अजून वाचलेलं नाही. शैलाला म्हटलंय, मी स्वयंपाकघरात दार लावून बसतो, तू बाहेरून ओरडून सांग.